जुनी एस्टीम ऑटोक्रॉससाठी उभी करताना: पत्रा आधी, इंजिन शेवटी

ऑटोक्रॉस म्हणजे कच्च्या ट्रॅकवर गाडी पळवून वेळ नोंदवायची स्पर्धा. तिच्यासाठी जुनी गाडी तयार करायची ठरली की पोरं पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात. कॅम बदलू का, हेडचं पोर्टिंग करू का, पॉवर किती वाढेल? माझा भाचाही हेच विचारत गाळ्यावर आला होता. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. आधी पत्रा सरळ आणि कडक करा. मग आत बसणारा माणूस सुरक्षित करा. मग गाडी थांबेल असं बघा, मग वळेल असं बघा. पळवायचं काम शेवटी. या क्रमाने पैसे घातले तर कंपनीच्या मूळ इंजिनावरही गाडी चांगला वेळ नोंदवते. क्रम उलटा केला तर वाढवलेली पॉवर मुरमावर चाकं जागच्या जागी फिरवण्यात जाते.

माझा नाशिकच्या अंबडला फॅब्रिकेशनचा गाळा आहे. दिवसा कंपन्यांसाठी जिग आणि फिक्स्चर बनवतो, संध्याकाळी आणि रविवारी गाडीचं काम चालतं. गाडी भाचा चालवतो, पाने मी फिरवतो. त्यामुळे खाली जे आहे ते फॅब्रिकेटरच्या नजरेतून आहे. ट्यूनरने लिहिलं असतं तर भर दुसरीकडे पडला असता.

परदेशात हौशी स्पर्धक जुना दोन दारांचा कूपे घेतात, त्याला कारण आहे. बाजूला दारांची भोकं कमी, म्हणून शेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, पिळवटत कमी. छत बुटकं, वजन थोडं. आपल्याकडे तसा कूपे परवडेल अशा किमतीत सापडत नाही, आणि सापडलाच तर तो कापण्याच्या लायकीचा नसतो, जपण्याच्या असतो. म्हणून मी जुन्या मारुती एस्टीमच्या बाजूने आहे. चार दारं आहेत, पण गाडी नऊशे किलोच्या आसपास, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि १२९८ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं हलकं इंजिन. मारुती १००० आली १९९० मध्ये, तिच्याच शेलवर मोठं इंजिन बसवून १९९४ मध्ये एस्टीम आली. सुरुवातीचं कार्ब्युरेटरचं इंजिन ६५ बीएचपीचं, नंतरचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे कंट्रोल युनिटच्या हुकमाने इंधन फवारणारं, ८५ बीएचपीचं. शक्यतो एमपीएफआयच घ्या. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे, इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते. एमपीएफआय तेवढं इंधन आपलं आपण कमी करतं. कार्ब्युरेटरवाल्याला जेट बदलत बसावं लागतं, आणि इथे जुळवलेली गाडी स्पर्धेला कोकणात नेली की पुन्हा जुळवावी लागते.

ऑटोक्रॉसमध्ये बहुतेक ठिकाणी १४०० सीसीपर्यंतचा गट असतो. तरी गाडी घेण्याआधी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाची, म्हणजे आपण एफएमएससीआय म्हणतो तिची, चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचा. कोणत्या गटात काय बदलायला परवानगी आहे यावर पुढचं सगळं काम ठरतं. ज्या गटात हलके दरवाजे चालत नाहीत त्या गटासाठी दरवाजे कापून ठेवले तर ती गाडी वरच्या गटात ढकलली जाते आणि तिथे तिला कोणी विचारत नाही.

गाडी बघताना

कागद आधी बघा, मग बॉनेट उघडा. एस्टीमचं उत्पादन २००७ च्या सुमारास थांबलं, म्हणजे आज मिळणारी प्रत्येक गाडी पंधरा वर्षांच्या पुढची आहे. नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, बँकेचा बोजा उतरलाय का, हे आरटीओतून तपासून घ्या. गाडी पुढे रस्त्यावर चालवणार नसाल तरी कागद स्वच्छ हवेत.

माझा आग्रह असा की एमएच-१५ किंवा खानदेशाकडची गाडी बघा. मुंबई आणि कोकणातल्या गाड्या वरून चकचकीत असल्या तरी खारट हवेने आतून खाल्लेल्या असतात. गंज शोधायला स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च पुरे. बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या शॉकअपचे टॉवर (शॉकअपचं वरचं टोक बसतं तो पत्रा), जॅक लावायच्या जागेचा सिल (दारांखालची पट्टी), मागच्या चाकांच्या कमानी, आणि एसीचं पाणी गळून पायाखालच्या गालिच्यात मुरतं ती जागा, इतक्या ठिकाणी टोचून बघा. फ्लोअरला भोक असेल तर चालेल, ते पत्रा कापून भरता येतं. टॉवरभोवती गंज असेल तर गाडी सोडून द्या. तो पत्रा सस्पेन्शनचा सगळा मार खातो आणि तिथे घातलेला जोड मूळ पत्र्याच्या तोडीचा होत नाही.

अपघाताची गाडी ओळखायची तर दारांच्या फटी बघा. डावी-उजवी फट सारखी नसेल, बॉनेट एका बाजूला झुकलेलं असेल, टॉवरजवळचं सीलंट कंपनीचं न वाटता बोटाने फासल्यासारखं वाटलं, तर तिथे काहीतरी झालेलं आहे. इंजिन दमलेलं असलं तर मला चालतं, त्यावर किंमत उतरवून घेता येते. वाकडा शेल फुकट मिळाला तरी नको.

कापायच्या आधी मोजा

गाडी गाळ्यात आणली की ग्राइंडर हातात घेण्याआधी दोन संध्याकाळी फक्त मोजण्यात घाला. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, सपाट उभी करा. सपाट म्हणजे डोळ्याने नव्हे, गवंडी वापरतात त्या पाण्याच्या लेव्हल पाइपने. मग पुढचे दोन टॉवर, लोअर आर्मचे (चाक धरणारा खालचा दांडा) बोल्ट, सिलची दोन्ही टोकं, मागच्या सस्पेन्शनचे बिंदू, या सगळ्यांवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने खुणा करा. गाडी बाजूला ढकला. आता जमिनीवर तुमच्या शेलचा नकाशा आहे. कर्ण मोजा: पुढचा डावा ते मागचा उजवा आणि पुढचा उजवा ते मागचा डावा. दोन्हीत तीन-चार मिलिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून देतो. त्याहून जास्त असेल तर आधी शेल बेंचवर ओढून घ्यावा लागेल. या खुणा ऑइल पेंटने पक्क्या करा, कारण वेल्डिंग झाल्यावर हेच माप पुन्हा घ्यायचं आहे.

मग गाडी रिकामी करा. आतलं सगळं काढा: सीट, गालिचे, छताचं कापड, एसी, हीटर, मागची काच पुसायचं सामान. पेट्रोलची टाकी उतरवून गाळ्याच्या बाहेर ठेवा. टाकी गाडीत असताना वेल्डिंगचा होल्डर हातात घ्यायचा नाही, यात तडजोड नाही. बॅटरी काढा आणि इंजिनाचा कंट्रोल युनिट सोडवून कोरड्या डब्यात ठेवा, नाहीतर वेल्डिंगच्या करंटने तो जातो. फ्लोअरवरचं डांबरी आवरण हीट गनने मऊ करून खरवडा. हे काम कंटाळवाणं आहे, हात काळे होतात, पण त्या थराखालीच खरा गंज सापडतो.

काढलेली प्रत्येक वस्तू वजन करून वहीत लिहा. आणि काम सुरू करण्याआधी पूर्ण गाडीचं वजन करून ठेवा. त्यासाठी नाशिककरांना लांब जायला नको. पिंपळगाव, लासलगावला कांद्याचे ट्रॅक्टर मोजणारे काटे आहेत, तिथे गर्दी नसलेल्या वेळी जा. आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून मागची बाहेर ठेवा. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलचं वजन बऱ्यापैकी बरोबर मिळतं. हे काटे साधारण दहा-दहा किलोच्या टप्प्याने दाखवतात, पण सुरुवातीला तेवढं पुरतं. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या या गाडीत साठ टक्क्यांहून जास्त वजन पुढे येतं. आतलं सामान काढलं की ते आणखी पुढे सरकतं, कारण काढलेलं बरंचसं सामान मागचं असतं. म्हणून बॅटरी मागे नेणं हे काम मला महागड्या पार्टपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. मात्र ती बंद पेटीत, फ्लोअरला बोल्टने पक्की, आणि टर्मिनलवर इन्शुलेशन चढवून.

शेलला टाके

कंपनीत शेलचे पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. खडबडीत ट्रॅकवर वर्षानुवर्षं आपटल्यावर हे स्पॉट सैल पडतात. दोन स्पॉटच्या मधल्या जोडावर सीओटू वेल्डिंगने छोटे टाके घालायचे: साधारण एक इंच टाका, दीड-दोन इंच मोकळं, पुन्हा टाका. सगळा जोड सलग भरू नका. सलग वेल्डने पत्रा तापून ओढला जातो, शिवाय अपघातात जिथे चुरगळायला हवा तिथे चुरगळत नाही. टाके टॉवरभोवती, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि फ्लोअरच्या जोडावर, सिलवर आणि मागच्या सस्पेन्शनच्या जागी घाला. एक टाका डावीकडे, पुढचा उजवीकडे, असं फिरत राहा आणि पत्र्याला हात लावता येईल इतका गार होऊ द्या. घाई असलेल्या माणसाला हे काम देऊ नका.

केज

केज म्हणजे गाडीच्या आत माणसाभोवती बसवायचा पाइपांचा पिंजरा. हा भाग मी सगळ्यात जपून लिहितोय. गाडी उलटल्यावर तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये एवढाच पाइप असतो.

बाजारात मिळणारा ईआरडब्ल्यू पाइप, म्हणजे आतून शिवण असलेला, ज्याची गेटं आणि पलंग बनतात, तो केजला चालत नाही. एफआयएच्या, म्हणजे मोटर स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमांत कोल्ड ड्रॉन सीमलेस (गार ओढलेलं, बिनशिवणीचं) कार्बन स्टील लागतं, टेन्साइल, म्हणजे ताण सोसायची ताकद, किमान ३५० मेगापास्कल. मुख्य कमान, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची, किमान ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. बाकीचे पाइप ३८ मिमी आणि २.५ मिमी, किंवा ४० मिमी आणि २ मिमी. पाइपासोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या. दुकानदार म्हणेल, ‘साहेब, सीमलेसच आहे.’ सर्टिफिकेट नसेल तर पुढच्या दुकानात जा.

वाकवायचं काम सायलेन्सरवाल्याच्या हायड्रॉलिक बेंडरवर करू नका. त्यात पाइप आतल्या बाजूला चेपतो. मँड्रेलवर, म्हणजे पाइपाला आतून आधार देऊन, गार असतानाच वाकवायचा, आणि वळणाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. वळणावर व्हर्निअर लावा: लहान व्यासाला मोठ्या व्यासाने भागून उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर तो पाइप केजसाठी बाद.

पाय जिथे टेकतात तिथे नुसता फ्लोअरचा पत्रा पुरत नाही. तिथे किमान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची प्लेट शेलला वेल्ड करा. पाय बोल्टने बसवणार असाल तर प्रत्येक पायाला किमान तीन बोल्ट, एम८ किंवा मोठे, ८.८ ग्रेडचे. मी प्लेट फक्त फ्लोअरवर न ठेवता काटकोनात वाकवून सिलच्या उभ्या भिंतीवरही चढवतो, म्हणजे धक्का दोन पत्र्यांत वाटला जातो.

सगळ्यात अवघड वेल्ड छताजवळचा. पाइप आणि छत यांच्यात बोट जात नाही, मग वरच्या बाजूने वेल्ड कसा मारणार? बरेच जण तीन बाजूंनी मारून सोडून देतात, आणि तो जोड नेमका तिथूनच उघडतो. उपाय असा: पायांच्या जागी फ्लोअरला तात्पुरती भोकं पाडा, केज टॅक करून (तात्पुरत्या छोट्या टाक्यांनी जोडून) झाला की सगळा केज त्या भोकांतून हातभर खाली सोडा, छताखाली जागा मिळाली की सगळे वरचे जोड पूर्ण गोल भरून घ्या, मग केज वर उचला आणि खाली प्लेट घालून पाय पक्के करा. पुढची काच काढून ठेवली तर हात आणखी मोकळा होतो. पाइपांची टोकं एकमेकांवर नेमकी बसतील अशी गोलाईत घासून घ्या. फट राहिली तर ती वेल्डने भरून काढायची नाही, नवा तुकडा कापायचा.

केज झाल्यावर कडकपणा मोजता येतो, आणि तो मोजावा असं मला मनापासून वाटतं. मागचा भाग दोन घोड्यांवर पक्का बांधा, पुढचा भाग बरोबर मधोमध एका टेकूवर ठेवा. पुढच्या टॉवरला आडवा बीम लावून त्याच्या एका टोकाला वजन टांगा. दोन्ही सिलखाली डायल गेज लावून किती मिलिमीटर हललं ते लिहा. केज घालण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, तेच वजन, तीच जागा. फरक डोळ्याला दिसतो. मग जमिनीवरच्या त्या खडूच्या खुणांवर ओळंबा पुन्हा सोडा आणि वेल्डिंगने शेल कुठे ओढला गेला नाही ना ते बघा.

डोकं, गुडघा, कोपर लागेल तिथे पाइपावर पॅडिंग. घरातल्या पाण्याच्या पाइपावर चढवतात तो मऊ फोम नव्हे, स्पर्धेसाठीचा कडक फोम.

सीट, बेल्ट, स्विच

सीट आणि बेल्ट जुने घेऊ नका. एफआयएच्या शिक्क्यावर उत्पादनाचं साल असतं, ते बघून घ्या. खांद्याचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाताना ४५ अंशांहून जास्त खाली उतरता कामा नयेत, दहा अंशांच्या आत असतील तर उत्तम. पट्टे सरळ फ्लोअरला बांधले तर धडकेत ते माणसाचा कणा खाली दाबतात. मुख्य कमानीला एक आडवा पाइप घ्या आणि पट्टे त्यावर बांधा. हेल्मेट आणि मानेचा सपोर्ट यांचे शिक्केही नियमपुस्तिकेतल्या यादीशी ताडून बघा.

विजेचा मुख्य स्विच आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून बंद करता आला पाहिजे, आणि तो बंद केल्यावर चालू इंजिन थांबलंच पाहिजे. बऱ्याच गाड्यांत फक्त बॅटरी तुटते आणि इंजिन अल्टरनेटरवर चालत राहतं. वायरमनला हे करून दाखवायला सांगा. बाहेरच्या स्विचजवळ पांढऱ्या किनारीच्या निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण लावतात. हाताशी किमान दोन किलोचं अग्निशामक, धातूच्या पट्ट्यांनी बांधलेलं. टो हुक पुढे-मागे, ठळक रंगात.

ब्रेक

पुढे डिस्क, मागे ड्रम. मूळ सामानच पूर्ण नवीन केलं तर ऑटोक्रॉसला ते पुरतं. मास्टर सिलिंडरचं किट, कॅलिपरची रबरं, चारही होज, आणि गंजलेली लोखंडी लाइन असेल तर तीही. ब्रेक ऑइल डॉट ४ घाला. कोरडं असताना डॉट ४ ची उकळी किमान २३० अंश सेल्सिअसवर असते, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मुरलेल्या पाण्यासकट ती १५५ पर्यंत उतरू शकते. नाशिकचा पावसाळा गाळ्यात काढलेल्या गाडीचं ऑइल पहिल्या स्पर्धेआधी पूर्ण बदला, बाटली अर्धी उघडी असेल तर तीही फेका.

नवीन पॅड लावले की मोकळ्या जागेत ते डिस्कवर घासून बसवून घ्या: साठच्या वेगाने जाऊन दमदार ब्रेक, पूर्ण न थांबता पुन्हा वेग, असं पुन्हा पुन्हा, मग गार होईपर्यंत हळू चालवा आणि हँडब्रेक ओढू नका. हँडब्रेक मात्र ऑटोक्रॉसमध्ये फार कामाचा. आखूड वळणावर मागचा भाग फिरवायला तोच लागतो. ड्रमचे शू नीट अ‍ॅडजस्ट करा आणि दोन्ही केबल सारख्या ओढल्या जातात ना, हे चाकं वर घेऊन हाताने फिरवून बघा.

सस्पेन्शन आणि टायर

इथे भाचा आणि माझं थोडं वाजलं. तो म्हणाला, ‘मामा, गाडी खाली बसवू, भारी दिसेल.’ मी त्याला वाडीवऱ्हेकडच्या एका पडीक माळावर नेलं आणि म्हटलं, ‘आता इथे खाली बसून बघ, कुठले दगड वर आलेत ते.’ आपल्याकडे बहुतेक ट्रॅक मुरमाचे, म्हणजे कुजलेल्या काळ्या बेसाल्टचे, आणि त्यात न कुजलेला एखादा दगड लपलेला असतोच. गाडी मूळ उंचीपेक्षा थोडी वरच हवी, शॉकअपला खाली-वर दोन्हीकडे चाल हवी. स्प्रिंग कितीही कडक घेतली आणि शॉकअप दमलेले असले तर चाक जमिनीवर टिकत नाही. पैसे थोडे असतील तर स्प्रिंग मूळ ठेवा, शॉकअप चांगले घ्या. लोअर आर्मचे आणि स्टॅबिलायझरचे बुश नवीन घाला. इंजिनखाली सहा मिमी अ‍ॅल्युमिनियमचा संप गार्ड, आणि तो शेलच्या मजबूत भागाला बांधा, गिअरबॉक्सला नव्हे.

टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं किती आत वळलीत ते, मोजायला संगणक लागत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना, हबच्या उंचीवर, समांतर दोऱ्या ताणा आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोरीचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. पुढे शून्य किंवा किंचित बाहेर, तेवढ्यावर सुरुवात करा. मागे टो-आऊट अजिबात नको.

चार कोपऱ्यांचं वजनही घरी होतं. द्राक्षाच्या आणि कांद्याच्या व्यापाऱ्यांकडे पाचशे किलोचे डिजिटल प्लॅटफॉर्म काटे असतात. चार काटे एका दिवसासाठी मागून आणा, लेव्हल पाइपने चौघांची पातळी जुळवा, गाडी चढवा आणि ड्रायव्हरला सीटवर बसवा. पुढचा उजवा आणि मागचा डावा यांची बेरीज एकूण वजनाच्या निम्म्याच्या जवळ आली पाहिजे. नाही आली तर आधी स्प्रिंगच्या सीट बघा, उंची चारही बाजूंना सारखी आहे का बघा.

टायर हा असा खर्च आहे ज्याला मी कधी नाही म्हणत नाही. एमआरएफचे रॅलीचे टायर मिळतात, तुमच्या रिमच्या मापाचे बघा. हवेचा दाब ठरवायला टायरच्या खांद्यावर खडूची आडवी रेघ मारा, एक फेरी मारून या. खडू खांद्याच्या खालपर्यंत पुसला गेला असेल तर हवा कमी आहे, खांद्यापर्यंत पोचलाच नसेल तर जास्त आहे.

इंजिन

टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज, माउंटिंग नवीन. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत घ्या. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सिलिंडरात थोडं ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा वर आला तर रिंग गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट बघा. मुरमाची धूळ पिठासारखी बारीक असते, म्हणून एअर फिल्टरची पेटी मूळच ठेवा, तिच्या कडा सील करा आणि उघडा कोन फिल्टर लावू नका. रेडिएटर आतून साफ. इतकं करून थांबा.

घासून-पुसून जुळवणं

गाडी रस्त्यावर तपासायला नेऊ नका. केज घातलेली, बदललेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, आणि रस्त्यावर वेग तपासणं कलम १८९ मध्ये. गंगापूर धरणाकडचा रस्ता रात्री मोकळा दिसतो, पण तिथून शेतकरी दूध घेऊन निघालेला असतो. गाडी ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेडवर न्या. विमासुद्धा वाचा: नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. एखाद्या शेतकऱ्याची पडीक जमीन लेखी परवानगीने घ्या, पाण्याचा टँकर मारून धूळ बसवा, सोबत किमान एक माणूस, अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवा.

पंधरा-पंधरा मीटरवर कोन मांडून स्लॅलम करा, म्हणजे त्यांच्यामधून नागमोडी चालवा, पुढे एक आखूड वळण, आणि स्टॉपवॉच. एका वेळी एकच बदल. आधी मूळ जुळवणीवर वेळ घ्या, मग बदल करून घ्या, मग पुन्हा मूळवर येऊन घ्या. तिसऱ्या वेळेला वेळ पहिल्यासारखा आला तर फरक बदलामुळे होता. नाही आला तर ट्रॅक खोदला गेला, टायर तापले किंवा ड्रायव्हरचा हात बसला. हे न करता ‘बरं वाटतंय’ म्हणणाऱ्यांच्या गाड्या दरवर्षी बदलतात आणि वेळ तिथेच राहतो.

गाडी वळताना पुढचा भाग बाहेर धावत असेल तर आधी मागच्या टायरमध्ये दोन पॉइंट हवा वाढवा आणि बघा. त्याला पैसे लागत नाहीत. मग मागचे शॉकअप थोडे कडक करा. स्टॅबिलायझर बदलणं त्यानंतर. भाच्याला मी प्रत्येक फेरीनंतर एकच प्रश्न विचारतो: वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना? ‘गाडी बाहेर जाते’ एवढ्यावरून काही जुळवता येत नाही. मध्यावर बाहेर जाते म्हटलं की मी जुळवणीत हात घालतो, शिरताना जाते म्हटलं तर बहुतेक वेळा ब्रेक उशिरा सुटलेला असतो.

पहिली स्पर्धा आणि नंतर

एफएमएससीआयचा परवाना, वैद्यकीय फॉर्म, रक्तगट, ही कामं महिनाभर आधी करा. नाशिक परिसराला स्पर्धा नवीन नाहीत, रॅली ऑफ महाराष्ट्र इथे झालेली आहे. त्यामुळे अनुभवी स्क्रूटिनीअर (स्पर्धेआधी गाड्या तपासणारे) आणि मार्शल भेटतात. त्यांना गाडी काम चालू असतानाच दाखवा. पेंट मारण्याआधी केजचे वेल्ड उघडे असताना कोणी जाणकाराने बघितले तर शेवटच्या दिवशीची धावपळ वाचते. पेंट केजला आणि आतल्या बाजूला फिकट राखाडी किंवा पांढराच मारा, तडा गेला तर लगेच दिसतो.

स्पर्धा झाली की गाडी धुवा आणि मग घोड्यांवर चढवा. टॉवरभोवतीचा पेंट, केजच्या पायांजवळचे टाके, लोअर आर्मच्या जागा टॉर्चने बघा. केसासारखी रेघ दिसली तर डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारून खात्री करा. सगळे सस्पेन्शनचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा आणि प्रत्येकावर मार्करची रेघ ओढा, म्हणजे पुढच्या वेळी सरकलेला बोल्ट लांबूनच कळेल. संप गार्ड काढून आत अडकलेला मुरूम झाडा, एअर फिल्टर टाकून द्या, ब्रेक ऑइलचा रंग बघा. केलेलं सगळं वहीत तारखेसह लिहा आणि मगच ठरवा, पुढचे पैसे कशात घालायचे.